लंडन–कलकत्ता बस : एका स्वस्त रस्त्याचा हिशेब

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक कृष्णधवल छायाचित्र फिरत येते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात उभी असलेली बस, भोवती उतारू, आणि खाली मजकूर : लंडन ते कलकत्ता, जगातला सर्वांत लांब बसमार्ग, भाडे १४५ पौंड, झोपायला बर्थ, गाडीतच स्वयंपाकघर. शेवटी एक सुस्कारा, की तेव्हा जग किती मोकळे होते! छायाचित्र खरे आहे. मजकूरही बराचसा खरा आहे. फक्त तो त्या बसचा नाही.

छायाचित्रातली बस 'इंडियामन'. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानच्या फेरीवरच्या गलबतांना हे नाव होते. ऑस्वाल्ड-जोसेफ गॅरो-फिशर या इंग्रज गृहस्थाने ही सेवा सुरू केली. १५ एप्रिल १९५७ रोजी २० प्रवाशांना घेऊन ती निघाली. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असे करत ५ जूनला कलकत्त्याला पोहोचली आणि २ ऑगस्टला लंडनला परतली, ठरल्यापेक्षा सोळा दिवस उशिरा. इराण-पाकिस्तान सरहद्दीवर त्या वर्षीच्या आशियाई फ्लूच्या साथीमुळे तिला अडकून पडावे लागले होते. जाण्याचे भाडे ८५ पौंड, परतीचे ६५. तेव्हाच्या दराने ८५ पौंड म्हणजे ११३३ रुपये. सुएझ कालवा आधीच्या हिवाळ्यात बंद होता आणि बस निघाली त्याच एप्रिलात तो पुन्हा खुला होत होता. समुद्रमार्गाचा भरवसा नुकताच डळमळला होता, हे लक्षात घेतले तर ही कल्पना वाटते तितकी वेडी नव्हती.

१४५ पौंड, बर्थ आणि स्वयंपाकघर हे वर्णन मात्र 'आल्बर्ट' या दुमजली बसचे. ती १९६८ मध्ये सिडनीहून निघाली आणि पुढे बरीच वर्षे लंडन, कलकत्ता, सिडनी अशा फेऱ्या करत राहिली. तिच्या १९७२ च्या एका जाहिरातपत्रकात २५ जुलैला लंडन, ११ सप्टेंबरला कलकत्ता असे वेळापत्रक आहे. दोन बसमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, आणि माझ्या मते खरा इतिहास त्या पंधरा वर्षांतच दडला आहे.

इराण-पाकिस्तान सरहद्द सबंध बलुचिस्तानात आहे. म्हणजे पहिली इंडियामन अफगाणिस्तान टाळून दक्षिणेच्या ओसाड मुलखातून आली. सत्तरच्या दशकातले प्रवासी मात्र सरसकट हेरात, कंदहार, काबूल आणि खैबरखिंड या वाटेने येत. मधल्या काळात अफगाणिस्तानात पक्के रस्ते झाले होते. सोव्हिएत सरहद्दीवरच्या कुश्कापासून हेरातवरून कंदहारपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता सोव्हिएत संघाने बांधला. तिथून काबूलपर्यंतचा सुमारे ४८० किलोमीटरचा रस्ता अमेरिकेने. दोन महासत्ता एका गरीब देशाला आपल्याकडे ओढण्यासाठी डांबर आणि सिमेंट ओतत होत्या, आणि त्यावरून पाठीवर पिशवी घेतलेली पोरे चार पैशांत पूर्वेकडे येत होती. पुढचा एक तुकडा तर आपल्या खर्चाने झाला. काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारताने बांधून दिला. काठमांडूच्या झोंछेंला 'फ्रीक स्ट्रीट' म्हणू लागले ते या रस्त्यानंतर.

इस्तंबूलला बॉस्फरसवर १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत पूल नव्हता. युरोपातून आलेली बस तरीवर चढवून आशियात उतरवायची. सुलतानअहमद चौकातल्या 'पुडिंग शॉप' या खाणावळीत एक फळा असे. काबूलला जाणाऱ्या गाडीत एक जागा रिकामी आहे, दिल्लीपर्यंत सोबत हवी, अशा चिठ्ठ्या त्यावर लागत. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपे १९७२ मध्ये याच वाटेने ऑस्ट्रेलियाला गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वस्त प्रवासावर पुस्तिका काढली. 'लोनली प्लॅनेट'चा जन्म तो. मुंबईला पोहोचलेले भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट पकडत. डेकवर रत्नागिरी-मालवणचे चाकरमानी आणि हे गोरे शेजारी-शेजारी पथारी टाकून. पणजीला उतरले की पुढे हणजूण.

आता त्या सुस्काऱ्याकडे वळू. जग मोकळे होते, पण कुणाला? ब्रिटिश नागरिकाला भारतात यायला १९८४ पर्यंत व्हिसा लागत नसे. भारतीयाला साधे पारपत्रही सरकारच्या मर्जीवर मिळे. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सहानी खटल्यात एप्रिल १९६७ मध्ये म्हटले, तेव्हा कुठे त्याच वर्षी पारपत्र कायदा आला. पारपत्र मिळाले तरी परकीय चलनाची अडचण होतीच. आठ डॉलर खिशात घालून अमेरिकेत उतरल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत ऐकायला मिळतात. रस्ता तोच, पण उलट दिशेने तो स्वस्त नव्हता. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे १९६२ मध्ये दिल्लीहून निघाले ते पायी, एक पैसाही न घेता, अण्वस्त्रांविरुद्धच्या यात्रेसाठी. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. हणजूणच्या वाळूवरच्या गोऱ्यांबद्दल आपल्याकडे जेवढे लिहिले गेले, त्याच्या दशांशही या दोघांबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

मार्ग एकाच वर्षात मिटला. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली. डिसेंबरअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि त्यांची एक फळी कुश्काहून हेरातकडे उतरली, म्हणजे त्यांनीच बांधलेल्या रस्त्याने. पक्का रस्ता रणगाड्यालाही सोयीचा पडतो.

त्या लांबलचक वाटेतला एक लहानसा तुकडा पुन्हा जोडायचा प्रयत्न झाला, तो दिल्ली–लाहोर. फेब्रुवारी १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा ओलांडून गेले. ही बस कारगिलच्या लढाईतही चालू होती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर बंद झाली, जुलै २००३ मध्ये पुन्हा निघाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. अमृतसर ते लाहोर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. इंडियामनच्या वेळापत्रकात ती जेमतेम एका सकाळची मजल असेल.