चार वेळा चार आणि अडलेला एकोणीस

गेल्या रविवारी नातू एक कोडे घेऊन आला. "आजी, ४ हा आकडा बरोब्बर चार वेळा वापरायचा, ना कमी ना जास्त. त्यातून १ ते २० सगळ्या संख्या काढून दाखव."

हे कोडे माझ्या चांगल्या ओळखीचे. ४४ भागिले ४४ म्हणजे १. वर्गमूळ चालत असेल तर १८ सुद्धा येतो: ४ × ४ + ४ − √४. १९ ला मात्र घोडे पेंड खाते.

तो खेळायला गेल्यावर हे कोडे किती जुने ते शोधत बसले. थॉमस डिलवर्थ नावाच्या इंग्रज शिक्षकाने १७४३ मध्ये अंकगणिताचे एक पुस्तक काढले. त्यात चार ३ वापरून ३४ करायला सांगितले आहे. (३३ + ३/३. सोपे आहे की नाही?) चार चारांचे कोडे मात्र छापून आले ते १८८१ साली, खगोलज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांच्या लंडनच्या 'नॉलेज' साप्ताहिकात. पत्रलेखकाने लॅटिन टोपणनाव घेतले होते, अर्थ साधारण 'ज्ञानलोभी'. त्याचे म्हणणे, २० पर्यंतच्या सगळ्या संख्या येतात, १९ सोडून!

हे वाचले आणि मी जागच्या जागी थांबले. हेच वाक्य मी एकदा फळ्यासमोर उभी राहून म्हटले होते.

गणिताचे सर रजेवर, आणि मला आठवीवर बदली तास. मी बी.ए. मराठी माध्यमातून केलेले, गणिताशी संबंध बेताचाच. वेळ जावा म्हणून हे कोडे घातले आणि "१९ होत नाही" असे ठणकावून सांगितले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली. (४ + ४ − ·४) ÷ ·४. म्हणजे ७·६ भागिले ·४, बरोब्बर १९. मी म्हटले, "टिंब चालणार नाही, नियमात बसत नाही." नियम कसला? वर्गमूळ मीच आयत्या वेळी घुसवले होते! पोर काही न बोलता जागेवर जाऊन बसली. वर्षभर माझ्या तासाला तिने पुन्हा हात वर केला नाही.

१९ चा दुसराही मार्ग आहे. ४ पुढे उद्गारचिन्ह दिले की ४ × ३ × २ × १ म्हणजे २४, याला फॅक्टोरियल म्हणतात. २४ − ४ − ४/४ = १९. हे चिन्ह ख्रिस्तियन क्रांप यांनी १८०८ मध्येच रूढ केले होते, म्हणजे ज्ञानलोभींच्याही आधी. दशांश चिन्ह तर त्याहून कितीतरी जुने.

पुढे नोबेलविजेते पॉल डिरॅक यांनी अशा खेळातली गंमतच संपवली. नुसते तीन २ घेऊन वर्गमूळ आणि लॉगॅरिथमच्या साहाय्याने हवी ती पूर्ण संख्या काढता येते. जितकी संख्या हवी तितकी वर्गमुळे एकात एक घालायची. लेकाने दोनदा समजावले तेव्हा कुठे थोडे डोक्यात शिरले. असो.

संध्याकाळी नातवाला टिंबाचे उत्तर लिहून दाखवले.

"आजी, हे तू काढलंस?"

"नाही रे, माझ्या वर्गातल्या एका मुलीने."

"मग तू तिला शाबासकी दिलीस ना?"

मी त्याला म्हटले, हातपाय धू आधी, वरण निवतंय.