नवागत श्रोता आणि मराठी ख्रिस्ती उपासना : रेव्ह. ना. वा. टिळकांचे कार्य

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. मिशनने उपासनेसाठी मराठी भाषा स्वीकारली. परंतु तेवढ्याने उपासनेचे वळण मराठी झाले नाही. पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत शब्दांची ओढाताण होई. प्रथमच येणाऱ्या श्रोत्याला ती उपासना परकी वाटावी, हे स्वाभाविकच होते.

कीर्तनात ही अडचण राहत नाही. पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान हा क्रम महाराष्ट्रातील श्रोत्याच्या अंगवळणी पडलेला असतो. ध्रुपद कानी पडताच तो टाळी धरतो. हाती पुस्तक लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग टिळकांपूर्वीच झाला होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मात्र अभंग व भजनांच्या रूपाने उपासनेला स्वतःची पदरचना दिली. त्यांचे खरे श्रेय येथे आहे, केवळ काव्यगुणांत नव्हे.

तथापि गीत आपले वाटले, तरी मंडळीचे सभासदत्व बाप्तिस्म्याशीच निगडित होते. श्रोत्याला उंबरठ्यापर्यंत आणून तेथेच थांबवणे टिळकांना मान्य नसावे. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तशिष्य तेथे एकत्र यावेत, ही कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि हा प्रयोग अपुरा राहिला. त्यांची भजने मंडळ्यांनी आपलीशी केली. दरबाराची कल्पना तेवढी बाहेर राहिली.