कावड घरी आली, पुढे काय?

आज एका परतीच्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे. माणूस गाव सोडून जातो, त्याच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. तो परत आला की मात्र "आला बाई एकदाचा" म्हणून गोष्ट संपते. खरं तर घरातल्या बाईचं काम तिथूनच सुरू होतं.

आपल्या रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे. तिथे विष्णुभट गोडसे नावाचे एक भिक्षुक राहत होते. घर गरीब, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी त्यांच्या कानावर आली. आईवडिलांची कशीबशी परवानगी काढून, काका रामभट यांना सोबत घेऊन ते 1857 साली उत्तरेकडे निघाले. आपल्याकडे रेल्वे सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि तीही मुंबईच्या आसपासच. त्यामुळे प्रवास बहुतेक पायी, कुठे बैलगाडीने.

वाटेत महूजवळ त्यांना कळलं की शिपायांचा उठाव होणार आहे. मग यज्ञाची दक्षिणा बाजूला राहिली आणि जीव वाचवायची पाळी आली. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा हे दोघे किल्ल्याखालच्या शहरात होते. शहर पडलं, कत्तल झाली, लूट झाली. गाठीला बांधलेली कमाई गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानलेली राणी लक्ष्मीबाई भेटली, तोही प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. अशी सुमारे अडीच-तीन वर्षं गेली.

कर्ज फेडायला गेलेला माणूस परत आला तो खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. गंगेपासून वरसई हजार किलोमीटरांहून जास्त लांब. म्हाताऱ्या आईवडिलांना काशीला जाणं जमणार नव्हतं, म्हणून गंगाच घरी आणली. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. पैसा फारसा आला नाही, पण मुलगा जिवंत आला.

पुढे 1883 च्या सुमारास विष्णुभटांनी ही सगळी हकिगत लिहून काढली. इंग्रज सरकारची भीती होती, म्हणून आपल्या हयातीत ती छापू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने 1907 साली छापली. त्या धामधुमीत साध्या माणसाने डोळ्यांनी काय पाहिलं, हे सांगणारं असं मराठी पुस्तक दुसरं सापडणं अवघड.

आता आपला प्रश्न. ती अडीच-तीन वर्षं वरसईच्या त्या घरात चूल कोण पेटवत होतं? सावकार दारात आला तर त्याला उत्तर कोण देत होतं? उत्तरेत दंगल माजली आहे हे कानावर आल्यावर रात्री झोप कुणाची उडाली असेल? पुस्तक प्रवासाचं आहे, त्यामुळे ही बाजू त्यात येत नाही. पण कावड उतरवायला घर शाबूत होतं, अंगण सारवलेलं होतं, म्हणूनच तो माणूस परत संसाराला लागू शकला. घर टिकवणाऱ्या बाईचा प्रवास कुणी लिहिला नाही, एवढंच.

पुढे मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढल्या. कोकणातले आणि घाटावरचे गडी तिकडे गेले. गणपतीला, शिमग्याला यायचे. मागे शेत, गुरं, सासूसासरे बाईच्याच अंगावर. गडी घरी आला की चार दिवस पाहुण्यासारखा. घरातले निर्णय वर्षभर जिने घेतले तिनेच मग गप्प बसायचं, अशी रीत.

आज चित्र आणखी बदललं आहे. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला नवराबायको दोघंही जातात. कोयता म्हणजे जोडपं, हा हिशोबच आहे. दिवाळीच्या सुमारास निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परतायचं. विष्णुभट परत आले तेव्हा घरात चूल पेटलेली होती. फडावरून परत येणाऱ्या बाईची चूल मात्र थंड असते. कुलूप काढलं की आत उंदीर, धूळ, रिकामा हंडा. अंग मोडून आलेलं असतं, पण त्याच संध्याकाळी भाकरी तिलाच थापायची असते. शिवाय उचल फिटली की नाही, ही काळजी. पोरांची शाळा मध्येच सुटलेली.

मैत्रिणींनो, गटाचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या गटातली बाई परत येणार असेल त्या दिवशी तिच्या घरी एक हंडा पाणी आणि चार भाकरी पोचवा. पहिल्याच बैठकीत थकलेल्या हप्त्यावरून तिला बोल लावू नका, हप्ते पुढे कसे घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मुकादमाच्या हिशोबाची वही वाचता येणारी एखादी तिच्याबरोबर बसू द्या. पोरांना पुन्हा वर्गात बसवायला तिच्यासोबत शाळेत जा. पुढच्या हंगामाला पोरं मागे ठेवता यावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृह सुरू होईल का, ते मुख्याध्यापकांना विचारा. अंगावर काढलेलं दुखणं असेल तर तिला आधी दवाखान्यात न्या.

आणि एक काम अजून. विष्णुभटांनी चोवीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलं, म्हणून आपल्याला त्यांचा प्रवास कळला. तुमच्या गटात जिने सहा महिने फडावर काढले तिला बोलतं करा, आणि जिने मागे राहून घर राखलं तिलाही. कुणी वहीत लिहा, कुणी मोबाइलवर आवाज भरून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, "तेव्हा घर कोण चालवत होतं?", तर उत्तर तयार असू द्या.