जंजिऱ्याची सहल आणि चांद्याचा परकोट

चंद्रपूर-गडचिरोलीकडील आपल्या मुलांना मोहाची फुले आणि वाघाचे ठसे ओळखू येतात. समुद्र मात्र त्यांच्यापैकी अनेकांनी पुस्तकातच पाहिलेला असतो. म्हणून शाळेची सहल लांब न्यायची झाल्यास रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा सुचवावासा वाटतो.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जाता येते. पावसाळ्यात मात्र ही वाहतूक बंद असते. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. त्यावरून जंजिरा हे नाव पडले. प्रारंभी येथे कोळी बांधवांचा लाकडी मेढेकोट होता. पुढे निजामशाहीच्या काळात हे बेट हबशी, म्हणजेच सिद्दी, सरदारांच्या हाती गेले. पूर्व आफ्रिकेतील हबशी गुलाम म्हणूनही दख्खनमध्ये आणले जात. अहमदनगरचा सुप्रसिद्ध वजीर मलिक अंबर हा त्यांपैकीच एक.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे प्रयत्न केले आणि समोरच पद्मदुर्ग उभारला. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी दगड टाकून समुद्रात वाट बांधावयास घेतली. परंतु मोगल फौज कोकणात उतरल्याने ते काम अपुरे राहिले. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत जंजिरा सिद्दींकडेच राहिला.

असे का झाले? उत्तरासाठी आपल्या चांद्याकडे पाहावे. गोंड राजांनी बांधलेला परकोट भक्कम खरा, पण मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा जवळ आणून तो फोडला आणि शहर घेतले. जंजिऱ्याभोवती समुद्र, आत गोड्या पाण्याचे तलाव, हाताशी आरमार आणि पाठीशी बराच काळ मोगल बादशहा! शौर्य चांद्यातही होते. पण तेथे तोफांना अडवावयास समुद्र नव्हता.

हा लढा केवळ धर्माचा होता, असे मुलांच्या मनावर बिंबू देऊ नये. महाराजांच्या आरमारात दौलतखान हा नामांकित अधिकारी होता. मोगलांचा आरमारप्रमुख सिद्दी याकूतखान याने १६८९-९० मध्ये इंग्रजांच्या मुंबईलाही वेढा घातला. बंदरे, व्यापार आणि किनाऱ्यावरील सत्ता यांसाठीच मुख्यतः ही चढाओढ होती. ही गोष्ट वर्गात सांगण्यापेक्षा तटावर उभे राहून सांगितल्यास अधिक पटते.

दुसरा दिवस फणसाडसाठी राखावा. पूर्वी नवाबांचे शिकारीचे रान असलेले हे जंगल १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे शेकरू दिसला, तर ताडोबाच्या मुलुखातील मुलांना परक्या किनाऱ्यावर ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल.

परत आल्यावर मुलांना जटपुरा दरवाजापासून पठाणपुरा दरवाजापर्यंत अवश्य चालवावे. जंजिरा का टिकला आणि चांदा का पडला, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहिता आले, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.