मुंबईतील बर्फाची आयात
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांनी मुंबईस येई. ०° से. तापमानाचा १ ग्रॅम बर्फ वितळण्यास सु. ८० कॅलरी सुप्त उष्णता लागते; तो वितळत असेतो तापमान वाढत नाही. जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ओळखलेल्या या गुणधर्मावर बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा धंदा तगला. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजात भरलेल्या १८० टनांपैकी सु. १०० टन बर्फ, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचला. पुढील वर्षी तो मुंबईत आला. जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम दिले, तेव्हा यजमान व पाहुण्यांना सर्दी झाल्याचे वृत्त छापून आले. सर्दी विषाणूंमुळे होते. ठपका मात्र बर्फावर आला. पुढे यंत्राने केलेल्या बर्फापुढे ही आयात टिकली नाही.