कुलपातला पंप

परवा भाईंदरमधल्या एका शाळेत पालकसभेला बसलो होतो. एका आईने विचारलं, "मुलाला दमा आहे. त्याचा पंप त्याच्याजवळ ठेवला तर चालेल का?" उत्तर आलं, "ऑफिसात द्या ताई, कपाटात कुलपात सुरक्षित राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र तो 'सुरक्षित' शब्द डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

मुळात हा पंप निघाला तोच एका शाळकरी मुलीमुळे. त्याआधी दम्याचं औषध काचेच्या नळीत घालून रबरी फुगा दाबत ओढावं लागे. काच फुटायची, डोस कमीजास्त व्हायचा. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं हे औषध का नाही मिळत? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, खिशात मावणारा इन्हेलर बाजारात आला. आपल्या मुंबईच्या सिप्लाने १९७६ साली दम्याचे एरोसोल आणले.

म्हणजे खिशात राहावा म्हणून बनलेली वस्तू आपण कपाटात कोंडतोय.

याची किंमत कॅनडाने मोजली आहे. ओंटारिओ प्रांतात २००३ मध्ये सब्रिना शॅनन ही मुलगी शाळेत खाल्लेल्या पदार्थाच्या अॅलर्जीने गेली. तिच्या नावाचा कायदा २००६ पासून लागू झाला, अॅलर्जीचं नियोजन शाळांना बंधनकारक झालं. तरी दमा राहूनच गेला. २०१२ मध्ये त्याच प्रांतात बारा वर्षांचा रायन गिबन्स शाळेत दम्याच्या झटक्याने गेला. इन्हेलर होता, पण ऑफिसात, कुलपात. त्याच्या आईने लढा दिला आणि २०१५ मध्ये 'रायनचा कायदा' झाला. मुलाने इन्हेलर स्वतःजवळ बाळगायचा, शाळेने अडवायचं नाही. इंग्लंडने ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना जादा इन्हेलर आणि २०१७ पासून अॅड्रेनॅलिनची तयार इंजेक्शनं ठेवायची मुभा दिली.

आता आपल्याकडे या. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला, तो आपल्या शेजारच्या पालघरमधून. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तपासायच्या तीस आजारांच्या यादीत श्वासनलिका आवळण्याचा आजारही आहे. म्हणजे मूल शोधायची सोय झाली. पण सापडलेल्या मुलाला शाळेत भर दुपारी धाप लागली तर? तपासणी पथक तेव्हा तिथे नसतं. तिथे असतात वर्गशिक्षिका आणि शिपाई.

आणि आपलं गाव कसलं आहे ते तुम्हाला सांगायला नको. खाडीची दमट हवा, बांधकामांची धूळ, उत्तनच्या डम्पिंगला आग लागली की धूर.

मग सुरक्षित म्हणजे काय? लहान मुलांच्या हाताला लागू नये, पण मोठ्याच्या हाताला लगेच लागावं. कुलूप नको. डब्यावर मुलाचं नाव, फोटो, डोस आणि पालकांचा नंबर. पंप उन्हात, बंद व्हॅनमध्ये ठेवायचा नाही, फार तापला तर डबी फुटू शकते. मुदत महिन्याला बघायची. मैदानावर, सहलीला डबा बरोबर न्यायचा. थोडं मोठं मूल असेल तर पंप त्याच्याच खिशात. अॅड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून तीव्र अॅलर्जीच्या मुलाचं काय करायचं, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

"पंपाची सवय लागते" असं म्हणणारे आजीआजोबा घराघरांत आहेत. त्या लाजेपायी मुलं पंप लपवतात, पालक शाळेला सांगत नाहीत. हे आधी थांबवा. फक्त शाळेला दोष देऊन भागणार नाही.

महापालिकेला आणि खासगी शाळांनाही माझी एवढीच मागणी आहे: एक साधं परिपत्रक, दरवर्षी शिक्षकांना तासाभराचं प्रशिक्षण. याला फार पैसे लागत नाहीत.

उद्या मुलांना सोडायला जाल तेव्हा विचारा, पंप कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे? मिळालेलं उत्तर खाली लिहा. सगळी उत्तरं घेऊन मी शिक्षण विभागात जाणार आहे.