चार अंशांची तार: कोल्हापूरच्या दुधाचा गारवा मोजायचा कसा?

१/ कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळली जाते आणि धारोष्ण, फेसाळ दुधाचा पेला जागच्या जागी रिता होतो. तालमींच्या या शहराने जपलेली ही रीत. तिच्यात तापमापकाला स्थानच नाही. धार काढणे आणि दूध पिणे यांच्यामध्ये वेळच जात नाही; दूध नासणार तरी केव्हा?

२/ प्रश्न उभा राहिला तो दूध जिल्ह्याबाहेर जाऊ लागल्यावर. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९७० मध्ये देशात दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. आचळातून दूध सुमारे ३८ अंश सेल्सिअसला बाहेर पडते. काही तास त्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती टिकते. नंतर जिवाणूंना रान मोकळे. त्यांची वाढ रोखायची, तर दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवावे लागते.

३/ म्हणून बिद्री, तावरेवाडी, गोगवे अशा ठिकाणी शीतकरण केंद्रे आली. तरीही चंदगड-शाहूवाडीच्या डोंगरवाड्यांतून कॅन केंद्रापर्यंत पोहोचेतो उन्हाळ्यात दूध आंबण्याची धास्ती असे. आंबलेल्या कॅनचा घाटा अखेर ज्याच्या दारात म्हैस, त्याच्याच पदरी पडतो. पुढे गावातच बल्क कूलर बसू लागले आणि दूध राखण्याची जबाबदारी पोलादी टाकीतल्या एका बारीक सेन्सरवर आली.

४/ या सेन्सरचा पूर्वज जहाजावरचा आहे. १८६०च्या सुमारास समुद्रतळाशी टाकायच्या टेलिग्राफ केबलची वेटोळी आतल्या आत तापत. विल्यम सीमेन्स यांनी ती उष्णता तारेच्या विद्युतरोधावरून मोजली आणि १८७१ मध्ये त्यासाठी प्लॅटिनम सुचवले. १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी ही पद्धत भरवशाची करून दाखवली. आजचा ‘पीटी-१००’ त्याच घराण्यातला: ० अंशाला रोध १०० ओहम, पुढे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमची भर.

५/ खरी गोम आहे ती वायरिंगमध्ये. सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो. दोनच तारा जोडल्या, तर कंट्रोलर तोही दुधाच्याच खात्यावर मांडतो आणि आकडा पावणेदोन अंशांनी चढा दिसतो. मग पडद्यावर ४ दिसेपर्यंत कॉम्प्रेसर चालतच राहतो, दूध सव्वादोनापर्यंत उतरते आणि विजेचे बिल चढते. दूध थोडे असेल, तर गार तळाला ते गोठूही लागते. म्हणून तिसरी तार असते: तिच्या आधारे कंट्रोलर तारांचा रोध ओळखून वजा करतो. थर्मिस्टरला ही अडचण फारशी नाही. त्याचा रोध हजारो ओहमचा, त्यात पाऊण ओहम म्हणजे दर्यात खसखस.

६/ याहून घातक चूक जागेची. टाकीचा गारवा तळाच्या दुहेरी पत्र्यातून येतो. सेन्सर त्याला चिकटला, तर तो पत्र्याचे तापमान सांगतो, आणि कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करतो तेव्हा वरचे दूध अजून कोमटच असते. म्हणून सेन्सर दुधाच्या थरात शिरणाऱ्या बंद नळीत बसवतात, उष्णतावाहक पेस्ट भरून आतली हवेची पोकळी घालवतात. ढवळणारा पंखा बंद असेल, तर हाही आकडा फसवा. तार मोटरच्या वीजवाहिनीपासून दूर न्यावी लागते आणि तिच्यावरचे जाळीचे कवच एकाच टोकाला अर्थ करावे लागते. दोन्ही टोकांना केले, तर आकडा नाचू शकतो.

७/ हे सारे बिनचूक झाले की नाही, हे पाहण्याची रीत मात्र सीमेन्सहूनही जुनी. थर्मासमध्ये शुद्ध पाण्याचा बर्फ कुटून भरायचा, तो भिजेल इतकेच पाणी घालायचे, सेन्सर नळीतून काढून त्यात बुडवायचा, काही मिनिटे थांबायचे. पडद्यावर ० आले पाहिजे. १.८ आले, तर आधी तिसरी तार शोधायची.